खेळाडूचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. जिच्या पाण्याने तहान भागते आणि ज्याच्या ज्ञानाने डोळे उघडतात, त्यांच्या उगमाची चौकशी करून आपल्या पदरी अधिक काही पडत नाही. उलट हाती आलेले मात्र गढूळ होण्याचा संभव असतो. या म्हणीत खेळाडूलाही जागा मिळावयास हवी होती, असे मला अलीकडे वारंवार वाटते. मैदानावर उतरलेल्या माणसाने चेंडू कसा टाकला, झेल कसा घेतला, धाव कशी काढली, हे पाहण्यासाठी आपण तिकीट काढतो. पण एखादा झेल सुटला की क्षणार्धात आपली जीभ त्याच्या हातावरून घसरते आणि त्याच्या रंगावर, धर्मावर, जातीवर, प्रांतावर, बापाच्या धंद्यावर जाऊन पडते. खेळाची टीका संपून कुळाची निंदा कोठे सुरू झाली, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. त्या सीमारेषेविषयी चार शब्द लिहावेत, असा विचार आहे.

माझे बिऱ्हाड बंगळूरला येऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या इमारतीच्या चार मजल्यांवर पाच भाषा नांदतात आणि सामन्याच्या दिवशी त्या पाचही भाषांतील आनंद व हळहळ एकाच जिन्यातून खाली येते. या शहरात राहणाऱ्याला माणसांच्या ठोकळेबाज कल्पना फार काळ बाळगता येत नाहीत, असे वाटणे साहजिक आहे. आपल्या राहुल द्रविड यांचेच पाहा ना. आडनाव द्रविड, जन्म इंदूरचा, घरची बोली मराठी आणि वाढले ते बंगळुरात. त्यांना कोणत्या प्रांताच्या रकान्यात घालावयाचे? कन्नडिगांनी त्यांना आपले म्हटले, मराठी माणसांनीही आपले म्हटले आणि दोघांचेही खरेच आहे. मात्र यशस्वी खेळाडू आपला म्हणून सांगावयाला सगळेच पुढे असतात. खरी परीक्षा होते ती अपयशाच्या दिवशी.

तसा एक दिवस बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमने ५ एप्रिल २०१९ रोजी पाहिला. बंगळूरच्या संघाने कोलकात्याविरुद्ध वीस षटकांत २०५ धावा केल्या होत्या आणि विजय जवळजवळ हाती आला होता. शेवटच्या काही षटकांत आंद्रे रसेल यांनी अवघ्या १३ चेंडूंत ४८ धावा झोडपून तो हिरावून नेला. त्याच धामधुमीत मोहम्मद सिराज यांच्या हातून कमरेच्या वर थेट अंगावर येणारे दोन चेंडू पडले आणि नियमानुसार पंचांनी त्यांची गोलंदाजी थांबविली. गोलंदाजी वाईट झाली होती, यात शंका नाही. तसे म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार होता. पण त्यानंतर लोकांनी जे संदेश पाठविले, त्याविषयी सिराज यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. क्रिकेट सोड आणि बापाबरोबर रिक्षा चालव, असा त्यांचा आशय होता. सिराज यांचे वडील हैदराबादेत ऑटोरिक्षा चालवीत. त्या रिक्षाच्या भाड्यातून मुलाच्या खेळाचा खर्च भागत आला होता. म्हणजे ज्या कष्टांचे कौतुक व्हावयाचे, त्यांचीच शिवी करण्यात आली होती. आणि हे लिहिणारे प्रतिस्पर्धी संघाचे नव्हते. त्यात बंगळूरच्याच संघावर प्रेम करणारे होते.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अबुधाबीत त्याच कोलकात्याविरुद्ध सिराज यांनी केवळ ८ धावांत ३ बळी घेतले. नोव्हेंबरमध्ये ते भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियात असताना वडील निवर्तले आणि अंत्यदर्शनाला न येता ते संघातच राहिले. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांतून त्यांच्यावर वर्णद्वेषी शब्द फेकण्यात आले. त्यांनी कर्णधार अजिंक्य रहाणे यांना सांगितले, रहाणे यांनी पंचांना सांगितले, खेळ थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. मैदान सोडून जाण्याचा पर्यायही पंचांनी पुढे ठेवला होता. परंतु आमची काहीच चूक नाही, तेव्हा आम्ही खेळणार, अशी भूमिका रहाणे यांनी घेतली, असे सिराज यांनी परतल्यावर सांगितले. त्या दिवशी सारा देश संतापला आणि तो संताप योग्यच होता. मात्र सिडनीच्या गॅलरीतून आलेला शब्द आणि पावणेदोन वर्षांपूर्वी आपल्याच माणसांनी पाठविलेला शब्द यांच्यात फरक तरी किती होता? एकाने कातडीकडे बोट दाखविले, दुसऱ्याने बापाच्या खाकी सदऱ्याकडे. सिराज यांनी एक गोष्ट मार्मिकपणे नोंदविली आहे: गोलंदाजी चांगली होऊ लागली, तेव्हा तीच माणसे त्यांना श्रेष्ठ म्हणू लागली. मला वाटते, हेही तितकेसे समाधानाचे नाही. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ओव्हलच्या मैदानावर भारताने ६ धावांनी मिळविलेल्या विजयाचे ते शिल्पकार ठरले. पण समजा, ते ठरले नसते आणि त्यांना पुढे एकही बळी मिळाला नसता, तरी ती रिक्षाची शिवी तेवढीच अनुचित राहिली असती. माणसाचा मान बळींच्या संख्येवर मोजावयाचा नसतो.

असे प्रसंग परक्यांच्या मैदानावरच घडतात, या समजुतीत राहण्यातही अर्थ नाही. मुंबईचे वानखेडे स्टेडियम आपल्या घरचे. तेथे फेब्रुवारी १९८० मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत भारताचे कर्णधार होते आपल्या बंगळूरचे गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे निम्मे फलंदाज स्वस्तात बाद झाले असताना पंचांनी बॉब टेलर यांना यष्टीमागे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलेला नाही, याची विश्वनाथ यांना खात्री होती. त्यांनी टेलर यांना परत बोलाविले. टेलर व बोथम यांनी त्यानंतर १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. आज त्या पराभवाची रुखरुख कोणाला नाही. विश्वनाथ यांचे नाव मात्र अजून आदराने घेतले जाते. त्याच मैदानावर १७ ऑक्टोबर २००७ रोजी ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सायमंड्स खेळत असताना काही प्रेक्षकांनी त्यांना माकडाचे हावभाव करून व तसेच आवाज काढून हिणविले. त्याआधी काही दिवस वडोदऱ्यातही तेच घडले होते. सायमंड्स २०२२ साली अपघातात गेले. ती छायाचित्रे मात्र राहिली आहेत, आणि त्यांत दिसणारे चेहरे आपल्यातलेच आहेत.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. आपल्याकडे तो शब्द शिवी नव्हे, आम्ही मुलांनाही लाडाने माकड म्हणतो, काळ्या म्हणून हाक मारतो, त्यात वाईट काय? वेस्ट इंडीजचे डॅरेन सॅमी हैदराबादच्या संघात खेळत असताना त्यांना ‘कालू’ म्हणत. या शब्दाचा अर्थ बलवान घोडा असावा, असे समजून ते आनंदात होते. खरा अर्थ त्यांना २०२० साली कळला आणि ते दुखावले. पुढे एका सहकाऱ्याने त्यांच्याशी बोलून प्रेमानेच म्हटले होते असा खुलासा केला आणि सॅमी यांनी तो मोठ्या मनाने स्वीकारला. प्रेम खरे असू शकते, हे मान्य. पण शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जितका असतो, तितकाच तो ऐकणाऱ्याच्या आयुष्यातही असतो. ज्याला रंगावरून आयुष्यभर दारे बंद झालेली आठवतात, त्याच्या कानांवर तो शब्द लाड म्हणून पडत नाही. आपल्या अंगणात लाडाची असलेली हाक परक्याच्या दारात जाऊन मारू नये, एवढा विवेक आपल्या आजीबाईंनाही होता.

हे सारे आजचे, नव्या पिढीचे दोष आहेत असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. धारवाडात जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले पळवणकर बाळू हे आपल्या देशातील पहिल्या थोर गोलंदाजांपैकी एक. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. ते चर्मकार समाजातले. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची फिरकी हवी होती; पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. बंगळूरनिवासी इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही कथा तपशिलाने सांगितली आहे. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे धाकटे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली, आणि १९२३ साली विठ्ठल यांना कर्णधार करणे भाग पडले. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला होता, तोच चेंडू सर्वजण हाताळीत होते. विटाळ होता तो केवळ कपाला. यातली विसंगती आज आपल्याला हसण्यासारखी वाटते. पण ‘बापाबरोबर रिक्षा चालव’ हे वाक्य म्हणजे दुसरे काय आहे? चेंडू तू टाक, पण तुझी जागा बाहेर आहे, असेच ते सांगते. भांडे बदलले, चहा तोच.

घरातल्या मुलींच्या कानांवर पडणारा असाच एक शब्दप्रयोग आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे काही मंडळी सामना पाहावयास जमली होती. एका खेळाडूच्या हातून सोपा झेल सुटला आणि एक पाहुणे उद्गारले, “हातांत बांगड्या भरल्यात की काय याने?” माझी नऊ वर्षांची नात शेजारी बसली होती. तिने आपल्या मनगटाकडे पाहिले आणि सरळ मनाने विचारले, “आजोबा, बांगड्या घातल्या की झेल का सुटतो?” पाहुणे सज्जन होते, ते ओशाळून हसले आणि विषय संपला. पण मुलीचा प्रश्न टिकून राहिला. मी तिला सांगितले की भारताच्या महिलांचा पहिला कसोटी सामना याच बंगळुरात झाला. १९७६ च्या ऑक्टोबरअखेर शांता रंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ वेस्ट इंडीजविरुद्ध येथे उतरला. आणि २००८ पासून पुरुषांचा संघ ज्या विजेतेपदाची वाट पाहत होता, तसे विजेतेपद या शहराच्या नावाने प्रथम आणले ते १७ मार्च २०२४ रोजी सांगलीच्या स्मृती मानधना यांच्या संघाने. पुरुषांना त्यासाठी ३ जून २०२५ पर्यंत थांबावे लागले. नातीने हिशेब केला आणि ती समाधानाने म्हणाली, “म्हणजे बांगड्या आधी जिंकल्या!”

परंतु प्रत्येक मुलीच्या वाट्याला असे समाधान येत नाही. बंगळूरच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सराव करणाऱ्या आपल्या महिला हॉकी संघाने टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पराक्रम केला, तेव्हा वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, उपांत्य सामना हरताच हरिद्वारजवळच्या त्यांच्या घरासमोर काही जणांनी फटाके उडविले आणि त्यांच्या जातीवरून अपशब्द काढले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला व अटकही केली. पण हजारो कोसांवर देशासाठी खेळणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी ते शब्द ऐकले, ते काही परत घेता आले नाहीत.

आता प्रश्न असा की, हे थांबवावयाचे कोणी? नियम आहेत, पंच आहेत, पोलीस आहेत. सिडनीत खेळ थांबला, हरिद्वारात अटक झाली. हे आवश्यकच आहे, कारण काही माणसांना शिक्षेचीच भाषा कळते. पण चाळीस हजारांच्या समुदायात प्रत्येक तोंडाजवळ पोलीस उभा करता येत नाही, आणि पोलीस येतो तो शब्द सुटून गेल्यावर. त्यापूर्वी त्या माणसाजवळ फक्त एकच व्यक्ती असते, आणि ती म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेला प्रेक्षक.

अशा एका शेजाऱ्याला मी ओळखतो, म्हणजे पाहिले आहे. शहरातल्या एका मैदानावर स्थानिक संघांचा सामना चालू होता. पाचपन्नास प्रेक्षक होते. एका तरुण गोलंदाजाला लागोपाठ तीन चौकार बसले आणि माझ्या पुढच्या रांगेतील एका मुलाने त्याच्या वडिलांचा उद्धार सुरू केला. त्याच्या बाजूला सत्तरीचे एक गृहस्थ डबा उघडून चित्रान्न खात होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि आवाज न चढविता कन्नडमध्ये म्हटले, “आट नोडप्पा. अवर अप्पन्न याके बैतीया?” बाबा रे, खेळ बघ, त्याच्या बापाला कशाला शिव्या देतोस? मग हातानेच चेंडूचा टप्पा दाखवून ते समजावू लागले की चेंडू आखूड पडत आहे, याने तो थोडा पुढे टाकावयास हवा. मुलगा प्रथम गोरामोरा झाला. नंतर तो टप्प्याविषयी प्रश्न विचारू लागला. पाच षटकांनंतर तो त्याच गोलंदाजाला ओरडून सांगत होता, “पुढे टाक, पुढे टाक!”

त्या गृहस्थांचे कौशल्य मला फार मोलाचे वाटते. त्यांनी मुलाचा अपमान केला नाही, त्याला वाईट ठरविले नाही, उपदेशाचे पाल्हाळ लावले नाही. त्यांनी त्याचे लक्ष कुळावरून काढून खेळाकडे वळविले आणि रागाला एक कामाची वाट दिली. राग हा प्रेमाचाच भाऊ आहे; ज्याला संघाविषयी काही वाटत नाही तो चिडत नाही. तेव्हा राग नको असे म्हणून चालणार नाही. रागाला बोलण्यासाठी शब्द द्यावे लागतात, आणि खेळाची जाण जितकी वाढते तितके असे शब्द अधिक सुचतात. शिवी बहुधा तेथे येते, जेथे माहिती संपते.

आणि समुदाय सुधारत नाही, असेही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्य भारतातील हजारो माणसे भयभीत होऊन हे बंगळूर सोडून गेली. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या, एकगठ्ठा संदेशांवर सरकारला निर्बंध घालावे लागले. ज्यांना रस्त्यात चेहऱ्यावरून ‘चिनी’ म्हणून हिणविले जात होते, त्यांना हे शहर आपले वाटेनासे झाले होते. पुढच्याच वर्षी येथे बंगळूर फुटबॉल क्लब स्थापन झाला. नेपाळी मातृभाषेच्या घरातले सुनील छेत्री त्याचे कर्णधार झाले. मणिपूरचे उदांता सिंग आणि ईशान्येचे इतर तरुण निळा सदरा घालून धावू लागले आणि कन्नड, तमिळ, मराठी मुले कंठीरव स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत त्यांची नावे घेऊ लागली. एका क्लबाने पूर्वग्रह पुसले गेले, असा माझा दावा नाही. पण ज्या तोंडांना हिणविण्याचा शब्द माहीत होता, त्याच तोंडांना आता माणसाचे नाव माहीत झाले, हा लाभ लहान नव्हे. चेन्नईने तर ३१ जानेवारी १९९९ रोजी, आपला संघ १२ धावांनी हरल्यावर, पाकिस्तानच्या खेळाडूंना उभे राहून मानवंदना दिली. त्या हजारो प्रेक्षकांना कोणी हुकूम केला नव्हता. कोणीतरी प्रथम उठले असेल, शेजारचा त्याच्याकडे पाहून उठला असेल.

पहिल्यांदा उठण्याचे हे काम घरापासून सुरू करता येते, कारण आज बहुतेक सामने आपण घरातच पाहतो आणि आपली बैठकीची खोली हीच मुलांची पहिली गॅलरी असते. आमच्या घरी आता एक साधी रीत पडली आहे. सामना चालू असताना कोणी काहीही बोलावे, चिडावे, कपाळावर हात मारावा; मात्र जे बोलावयाचे ते खेळाडूने आज मैदानावर केलेल्या गोष्टीविषयी असावे. तो कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कोणत्या देवाला हात जोडणारा, हे त्यात येऊ नये. कोणाची जीभ घसरलीच तर नात शांतपणे विचारते, “म्हणजे चेंडू कसा होता?” आणि मोठी माणसे निमूटपणे चेंडूकडे परत येतात. पाहुणेही आता हा प्रश्न ओळखू लागले आहेत. हरलेल्या सामन्यानंतर आम्ही अजूनही खिन्न मनाने जेवतो. पण कोणाच्या आईबापांना शिव्या देऊन पानावर बसत नाही, आणि त्यामुळे खेळाची गोडी काही कमी झालेली नाही.